सुनेचा पहारा अन् मागचं दार

हौ, घरी बसूनच पगार भेटते माझ्या सुनेले. अन् नाही, दिवसभर मोबाइल नाही पाहत... कॉम्प्युटरवर काम करते रुचिता.

काम काय, तेही सांगून टाकतो. जावा नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत एक मोठा प्रोग्राम हाय, लहान लहान तुकडे, म्हणजे मॉड्यूल, जोडून बनवलेला. कोणतं मॉड्यूल बसलं, कोणतं चालू झालं, कोणतं बंद पडलं... यावर पहारा ठेवणारा प्रोग्राम तिनं लिवला. पण काही मॉड्यूल मजेत चालू असत, अन् पहारेवाला म्हणे, ते हायेतच नाही!

कंपनीनं सांगतलं होतं, जमत नसन तं पुण्याच्या ऑफिसात येऊन बस. पोरगा बैहरले नोकरीले, शनिवारी येते. ती गेली असती तं घरात मी अन् टीव्ही.

परवा मी रामपायलीले मयतीले गेलतो. मयतीहून आलं का आमी समोरून घरात शिरत नाही. मागून आलो, आंघोळ केली, कोणाले न शिवता मागच्या खोलीत आडवा झालो. मोबाइल बंद पडेल होता.

त्याच्यानंतर रुचिता लॅपटॉप घेऊन समोरच्या दाराशी येऊन बसली. कान फाटकाकडे... दिवस बुडाले आला तरी मी दिसेना, तं तिनं घाबरून पोराले फोन लावला. तो बिचारा गाडी काढूनच राह्यला होता, तेवढ्यात मले खोकला आला.

"मामाजी! तुमी कवा आले?"

"तू तिथं बसाच्या आधीच आलो वो. काहून बोंबलून राह्यली?"

"मी तं फाटकच पाहून राह्यली होती... घरात पाह्यलंच नाही..."

 मंग एकदम हसली अन् लॅपटॉपवर तुटून पडली! पोराले येऊ नको म्हणून मलेच सांगा लागलं, तिच्याच फोनवरून.

तिचा प्रोग्राम बी तसाच करे म्हणते. पहाऱ्याले बसल्यावर जे मॉड्यूल हालन, तेच त्याले दिसे. आधीपासून चालू असलेलं दिसेच ना. आता आधी त्याले घरभर फिरवते, मंग दाराशी बसवते.

काल कंपनीनं काम पास केलं. पुणं रद्द.

"तुमच्यामुळं जमलं, मामाजी," म्हणे. मी काय केलं? झोपलो होतो. पोरीचं काम अडकलेलं, अन् तिचा जीव या बुढ्याच्या वाटेकडे लागलेला... एवढं कोणाले भेटते?

ती चहा ठेवाले आत गेली, तवा मी देवापाशी जाऊन काय बोललो, ते नाही सांगणार. इचारू बी नका.