कोमलच्या पाकिटातले अकराशे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. रोज देवापुढं बसते, तिथंसुद्धा बाकीचं सगळं बोलते अन् एवढं गाळते. मग तुम्हाला काहून सांगते? — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असेल.

कोमल माझी भाची, धाकट्या भावाची पोरगी. नांदूरघाटला बारावी झाली अन् भाऊ तिला कॉमर्ससाठी माजलगावला माझ्याकडं सोडून गेला. महिन्याला एकदा येऊन खर्चाचे पैसे तिच्या हातावर ठेवायचा. दुसऱ्या पोरीनं चार दिवसांत उडवले असते. ही बया पहिल्याच महिन्यात मांडी घालून बसली, वहीत रकाने आखले, जुन्या लग्नपत्रिकांची पाकिटं गोळा केली अन् एकेकावर लिहिलं — झेरॉक्स, रिचार्ज, एसटी, दवाखाना. एक पाकीट 'क्लास'चं. कॉम्प्युटरवर हिशोब लिहायला शिकवणारा क्लास होता तो. तो केला की कारखान्याच्या ऑफिसात नाहीतर मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, एखाद्या आडतीवर काम मिळतं, असं तिनं पक्कं धरलं होतं. बाकीच्या पाकिटांतून वाचलेलं सगळं त्यात जायचं. पाकिटं माझ्याच कपाटात, साड्यांच्या खाली. आत्याच्या घरात कुलूप कशाला?

कौतुक वाटायचं का मला? लोकांपुढं करायचे. खरं सांगू — चिडायचे.

"आत्या, तुमी बी लिहीत जा की. पाव्हण्यांच्या चहावर महिन्याला किती जातात, बघा तर!"

हसून म्हणायची, मनात काही नसायचं तिच्या. पण मी तिसरीतून काढलेली बाई. पुढचं लिहायवाचायला माझी मी शिकले, तीस वर्षं संसार ओढला — अन् काल आलेली पोर माझा चहा मोजती?

मग नणंदेच्या मुलीचं लग्न निघालं. आमच्याकडं आहेराची तऱ्हा अशी, की मांडवात चार बायका साडीचा पदर बोटांनी चोळून बघतात अन् तिथंच किंमत करतात. माझ्या लेकीच्या लग्नात नणंदेनं भारी साडी दिली होती. तिच्याहून हलकी घेऊन जायची? पसंत पडलेल्या साडीला अकराशे कमी पडत होते. नवऱ्याला मागितले असते तर म्हणाले असते, साधी बी चालती. म्हणून मागितले नाहीत. साड्यांच्या खाली हात घातला. परत ठेवीन, मी मनाशी म्हणाले. ठेवीन, ठेवीन — मेली कुठली ठेवते!

अन् त्या साडीचं झालं काय? नणंदेनं घडीसुद्धा मोडली नाही, तशीच दुसऱ्या लग्नात पुढं सरकवली.

फी भरायच्या दिवशी कोमलनं पाकीट मोजलं. पुन्हा मोजलं. वही काढून चार महिन्यांची बेरीज पहिल्यापासून केली. बेरीज बरोबर येत होती — येणारच होती ना!

"आत्या, अकराशे कुठं गेले असतील वो?"

मला विचारलं. मलाच! एवढी हिशोबी पोर, अन् एकदा तरी माझ्यावर संशय घ्यावा की नाही? त्याचा मला अजून संताप येतो. डोळे वर करून एकदा नीट बघितलं असतं तर मी तिथंच कबूल... नाही. हेही खोटंच. तेव्हाही कानांवर हात ठेवले असते मी.

भाकरी थापता थापता म्हणाले, "तुझंच लिहायला चुकलं असंल. रकाने आखले म्हंजी हिशोब येतो व्हय?"

तेवढ्यावर तरी थांबायचं. भाऊ आला, त्याच्यापुढंही तेच बोलले.

"आक्का, हिला पाकिटातले पैसे सांभाळता येईनात," तो म्हणाला, "ही आडतीवर काय दिवे लावणार?"

अन् मी हसले. चोरी एकवेळ बाजूला ठेवा — मला बरं वाटलं होतं तेव्हा. पोर चुकली म्हणून बरं वाटलं, अन् ती चुकलेली नाही हे मला एकटीला माहीत होतं!

क्लास राहूनच गेला. कोमल रडली नाही. वहीतल्या त्या बेरजेवर तिनं लाल रेघ मारली अन् शेजारी लिहिलं — 'माझी चूक'. तिसरी शिकलेल्या बाईला तेवढं वाचता येतं.

पंधरा दिवसांत माझ्याकडं अकराशे आलेही. पण पाकिटात ठेवले तर कुठून आले विचारील. मग तेही खर्चून टाकले.

पुढच्या वर्षी तिनं कॉमर्स सोडून आर्ट्स घेतलं. मग लग्न झालं, गेवराईला दिली. घरातला पैसा नवरा बघतो. परवा माझ्याकडं आली होती, बाजारात गेलो दोघी. दुकानदारानं सुटे दिले, तिनं नजरही न टाकता ते माझ्या हातात ठेवले.

"तुमी मोजा, आत्या. माझं चुकतं, तुमाला तर माहीतच हाय."

मी मोजले. बरोबर आहेत म्हणून सांगितलं. दुसरं काही सांगितलं नाही.