कारण लेखी द्या

गळ्यातलं ओळखपत्र मॅडमनी स्वतःच्या हातानं काढून घेतलं. वारज्यातल्या आमच्या शाळेचं बसचं आवार. सकाळची वेळ. सहा ड्रायव्हर आणि माझ्यासारख्या पाच मावश्या बघत उभ्या. मी स्कूलबसवरची मावशी. मुलांना चढवायचं, उतरवायचं, कुणाला उलटी झाली तर पुसायची. सहा वर्षं हेच करत होते.

मॅडम म्हणजे शाळेच्या प्रशासक. हातात माझ्या पोलिस पडताळणीचा कागद. या वर्षी पहिल्यांदाच सगळ्या कर्मचाऱ्यांची पडताळणी झाली होती.

"कोर्टानं दोषी ठरवलंय आपल्याला," सगळ्यांना ऐकू जाईल अशा त्या म्हणाल्या. "आणि आपण आमची मुलं सांभाळताय. वा."

मग कागदाची घडी घालत, "तुमच्याकडच्या लोकांचं रक्त गरमच असतं म्हणा."

तुमच्याकडच्या. धायरीत आमची बौद्धवस्ती कुठे आहे ते त्यांना बरोबर ठाऊक होतं. कुणी हसलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दहा वर्षांपूर्वी काय घडलं होतं ते सांगते. वस्तीच्या तोंडावरून पाण्याचा टँकर न थांबता वरच्या सोसायटीत जायचा. आमचा नळ नऊ दिवस कोरडा. दहाव्या दिवशी आम्ही बायका टँकरला आडव्या गेलो. ड्रायव्हरनं माझ्या आईला ढकललं. माझ्या हातात कळशी होती. टँकरची काच मीच फोडली. त्याच्या कपाळाला दोन टाके पडले. त्याचं मला आजही वाईट वाटतं. काचेचं नाही.

कोर्टात मी गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी शिक्षा सुनावलीच नाही. वर्षभर नीट वागेन असं बंधपत्र लिहून घेतलं आणि सोडलं. माझ्या वकीलबाई म्हणाल्या, "या निकालामुळे तू कशालाही अपात्र ठरत नाहीस, कायद्यातच तसं लिहिलंय." वर्षभर दर महिन्याला, वागणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या परिवीक्षा अधिकाऱ्यांपुढे जाऊन बसले. एक खाडा नाही. वाटलं, मिटलं.

कसलं मिटतंय! काच फोडली तेव्हा मला अठरा पूर्ण होऊन तीन महिने झाले होते. चार महिने आधी फोडली असती तर लहान वयातली चूक म्हणून कागदच नष्ट झाला असता. आता तो जन्मभर फायलीत. पडताळणी करणाऱ्याला 'दोषी' एवढंच दिसतं. कोरडा नळ दिसत नाही, पाळलेलं बंधपत्रही दिसत नाही.

आणि मीही दहा वर्षं तोंड शिवून बसले. नवऱ्याला लग्नानंतर चार वर्षांनी सांगितलं. शाळेच्या फॉर्मवर 'कधी दोषी ठरला आहात का' या रकान्यात नुसती रेघ ओढली. ते माझं चुकलं. घाबरले होते.

मॅडमनी टाईप केलेला कागद पुढे केला. वैयक्तिक कारणास्तव राजीनामा.

"सही करा. शाळेचंही नाव राहील, आपलंही."

पेन हातात घेतलं मी, खोटं कशाला बोलू. सवयच होती मान खाली घालायची. मग 'वैयक्तिक' हा शब्द वाचला आणि डोकं फिरलं.

"माझं काही वैयक्तिक कारण नाहीये. काढायचं तर तुम्ही काढा. कारण लेखी द्या."

"फारच कायदा येतो आपल्याला."

"शिकावा लागला, मॅडम."

कागद सही न करता परत दिला.

त्याला आज सतरा दिवस झाले. लेखी कारण आलेलं नाही, कामावरही घेत नाहीत. रोज सकाळी साडेसहाला मी शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहते. निकालाची प्रत पिशवीत असते, विचारेल त्याला वाचायला देते. परवा एका मुलीच्या आईनं उभ्याउभ्या सगळी वाचली.

वकीलबाईंनी शाळेला नोटीस पाठवली आहे. नोकरी परत मिळेलच असं त्या म्हणत नाहीत. न मिळो. यापुढे कुठलाही फॉर्म समोर आला तर त्या रकान्यात रेघ ओढणार नाही. लिहीन, होय, काच फोडली, नऊ दिवस पाणी नव्हतं. जागा पुरली नाही तर पाठीमागच्या बाजूला लिहीन.