पासवर्ड सगळ्यांना

अंथुर्ण्याच्या तौसिफला एक शब्द जन्मात जमला नाही, तो म्हणजे "न्हाय". घरोघरी इंटरनेटच्या तारा ओढायचा त्याचा धंदा, आणि स्वभाव हा असा. मंगल कार्यालयात नेट जोडायला गेला, की नवरदेव राहिला बाजूला, पाहुणे याच्याच भोवती. "तौसिफभाई, पासवर्ड?" आता लग्नातल्या पाहुण्याला पासवर्ड नाकारायचा, म्हणजे पंगतीतून ताट ओढून घेण्यासारखंच. म्हणून त्यानं शक्कल काढली होती. पासवर्ड सगळ्यांना द्यायचा, अगदी मायेनं. आणि राऊटरला आतून ताकीद द्यायची, की लग्नाच्या कामाला लागणाऱ्या एका पत्त्याशिवाय इंटरनेटवर कुणाला कुठं जाऊ द्यायचं नाही. पाहुण्यांच्या फोनवर नेट जोडलेलं दिसे, उघडत मात्र काही नसे. "आज जरा हळूच हाय बघा," म्हणून तौसिफही त्यांच्याबरोबर हळहळायचा.

माधवीच्या लग्नात तो एक पत्ता व्हिडिओ कॉलचा होता. तिचे वडील हिंदुराव उसाला पाणी देताना बांधावरून घसरले आणि खुबा मोडून बारामतीच्या दवाखान्यात जाऊन पडले. पण लग्न पुढं ढकलायला तयार नाहीत. "मी खाटंवरनं अक्षता टाकतो," म्हणाले. माधवीनंही तौसिफला बजावलं होतं, "दादा, आबा पडद्यावर दिसलं तरच मी हार घालणार." तौसिफ व्हय म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

सकाळी कॉल लावून बघितला, तेव्हा कार्यालयाच्या भिंतीवरच्या पडद्यावर आबा झकास दिसले. दवाखान्यात फोन धरून बसलेल्या पुतणीला, प्राचीला, फेटा नीट बांधता येत नाही म्हणून झापतानाही दिसले. आणि ऐन मुहूर्तावर अंतरपाट धरला, तोच पडदा काळाठिक्कर.

मोबाइलवरून लावावं, तर पत्र्याखाली हजारभर माणूस. गावचा टॉवर केव्हाच गुदमरलेला. तौसिफनं लॅपटॉप अक्षतांच्या परातीशेजारी टेकवला. मग उलगडा झाला. कॉलवाल्या कंपनीचं नाव तेच होतं, पत्ता बदलला होता. ऊसतोडीच्या टोळीसारखं, मुकादमाचं नाव तेच, राहायची कोपी आज या फडात तर उद्या त्या फडात. आणि यानं राऊटरला नाव नव्हे, सकाळच्या फडाचा, म्हणजे जुन्या पत्त्याचा, आकडा देऊन ठेवलेला!

घाईघाईत त्यानं ताकीदच काढून टाकली. झालं! हजार फोन एकदम टुणटुणले. मागच्या रांगेत कुणाची तरी रील नाचू लागली, आणि आबांचं अर्धं कपाळ दिसून तिथंच गोठलं. पुन्हा कुलूप.

"पडदा बंद तर बंद! मुहूर्त टळतोय!" वरपक्षाकडचे एक आजोबा गरजले.

अंतरपाटामागं माधवी हार धरून उभी. हार काही वर उचलेना.

माईक तिच्या चुलत्याच्या, विजयसिंहांच्या हातात. ते खाली वाकले. "तौसिफ, किती येळ?"

"झालंच, काका."

"तुझं झालंच मला म्हाईत हाय. मी मान्यवर घेतो." आणि त्यांनी मान्यवरांची नावं घ्यायला सुरुवात केली. भवानीनगरचे घेतले, लासुर्ण्याचे घेतले, न आलेलेही घेतले.

इकडं तौसिफ राऊटरला शिकवू लागला : या नावाचा आत्ताचा पत्ता बाहेर विचार, जो कळेल तेवढाच मोकळा सोड, दर मिनिटाला पुन्हा विचार. चालवलं. उत्तर नाही. पुन्हा चालवलं. नाही! नाव बरोबर, ओळी बरोबर. "...आणि मंडपवाले, आचारी, वाढपी..." विजयसिंहांचे मान्यवर संपत आलेले. अंतरपाट धरणाऱ्यांनी दोनदा हात बदलले. मग तौसिफच्या डोक्यात उजेड पडला. दुसऱ्यांना बंद करता करता त्यानं राऊटरचंही तोंड बांधलं होतं! बिचाऱ्याला पत्ता विचारायलाही बाहेर पडता येत नव्हतं. सकाळी कुलूप लावायच्या आधी विचारलेला पत्ता चालत होता, तोवर भागलं.

त्यानं तेवढी एक वाट मोकळी केली. घाईत तीच ओळ तीनदा चुकली, तीनदा खोडली. राऊटरनं विचारलं. नवा पत्ता आला. लॅपटॉपवर गोल फिरू लागला, फिरतच राहिला...

आणि भिंतीएवढे हिंदुराव उगवले. फेटा कानावर, नाकपुड्या फुललेल्या.

"आरं काय चाललंय तितं? विज्या, मघाधरनं काळं फडकं दाखवतोयस! मंगलाष्टका म्हणा की!"

सगळा मांडव हसला. माधवी अंतरपाटामागं हसली की रडली, कळलं नाही; हार मात्र वर आला. शेवटच्या "सावधान"ला हिंदुरावांनी उशाची वाटी उचलून सगळ्या अक्षता प्राचीनं धरलेल्या फोनवर ओतल्या. एक दाणा कॅमेऱ्यालाच चिकटला. पडद्यावर भोपळ्याएवढा पिवळा तांदूळ, त्याच्यामागं आबांचा एक डोळा, भरलेला. आणि त्याच्याकडं बघत माधवीनं हार घातला.