परीक्षेची केस

मी आणि बायकोनं मिळून शेवटचं काय केलं असेल, तर चहा घेतला. सोमवार होता, चार वाजले असतील. पोदेर पाव घेऊन दारात आला, त्याच्याकडून एक उंडो घेतला. अर्धा तिला, अर्धा मला. तिनं तो उजव्या हातात धरला, म्हणजे लुळ्या हातात, कारण दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या साहेबांसमोर तोच हात चालवून दाखवायचा होता. उंडो चहात बुडवला, कसाबसा तोंडापर्यंत नेला. थोडा चहा पदरावर सांडला. मी पुसायला गेलो तर म्हणाली, राहू दे, हाताला सवय होऊ दे.

मग तिनं पायावरचं लुगडं खाली ओढलं. उजवी पोटरी सुजून घट्ट झाली होती, कातडी तकतकीत. मी ते बघितलं आणि मी बघितलेलं तिनं बघितलं.

"चेडवाची परीक्षा जांव दे," ती म्हणाली. "मागीर सांगूया. एका दिसान काय जाता?"

चेडू म्हणजे तिच्याकडून व्यायाम करून घ्यायला येणारी शिकाऊ मुलगी. मी बरं म्हटलं. पाच वाजायच्या आत ती गेली.

मी पार्सेचा. शिक्षण तिसरी, तेही मराठीत, म्हणून बोलतो आमच्या भाषेत आणि लिहितो हे असं. डिचोलीच्या खाणींवर बावीस वर्षं ट्रक चालवला. शिकवणं म्हणजे काय ते मला खाणीवर कळलं. नवा डायव्हर आला की महिनाभर जुन्याच्या शेजारी बसायचा. चढावर गिअर कधी टाकायचा, मागून भरलेली गाडी येत असली तर काय करायचं, हे जुना सांगायचा. नवा तयार झाल्याशिवाय जुना खाली उतरायचा नाही.

बायकोला अर्धांगाचा झटका आला. इस्पितळातून घरी आणली तेव्हा जीभ थोडी जड आणि उजवी बाजू लाकडासारखी. कोणी तरी सांगितलं, एक शिकवणीचं केंद्र आहे, तिथली फिजिओथेरपी शिकणारी मुलं घरी येऊन व्यायाम करून घेतात, पैसे पडत नाहीत. मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांची गाडी गावात यायला लागली.

चांगलं काम होतं, मी नाही म्हणत नाही. पण दर तीन महिन्यांनी बॅच बदलायची आणि जुनी मुलं गेल्यावर नवी यायची. एकमेकांची तोंडं बघायची नाहीत. पहिल्यांनी हातात रबरी चेंडू दिला, दाबा म्हणाले. तीन महिने दाबला. दुसरे आले, म्हणाले चेंडू कोणी दिला, यानं बोटं आखडतात. तिसरे आले, त्यांनी पुन्हा पहिल्यापासून विचारलं, नाव काय, वय काय, मुलं किती, संडास घरात की बाहेर. मी म्हटलं, बाबांनो, हे दोनदा लिहून नेलंय. तर म्हणे आमच्या फाईलला पाहिजे. फाईल इंग्लिश, त्यांचे सर बोलायचे हिंदी, आणि एक मुलगी साष्टीकडची, म्हणजे पार दक्षिणेची, कोकणी राजभाषा झाली म्हणून हौसेनं कोकणीत बोलायची. तिची कोकणी बायकोला अर्धी समजायची, ती उरलेल्या अर्ध्याला मान हलवायची. माझी बायको दर तीन महिन्यांनी परत पहिलीत बसत होती.

खरं बघायला गेलं तर तीच त्यांना शिकवत होती. हातातल्या बांगड्या काढ, माणसाला ओरखडे येतात. थंड हात एकदम लावू नको, आधी चोळ. उचलायच्या आधी सांग की उचलते. हे त्यांच्या पुस्तकात असेल नसेल, मला माहीत नाही. आमच्या सोप्यावर तिनं ते प्रत्येकाला सांगितलं.

शेवटच्या बॅचमध्ये एक मुलगी होती, बेळगावकडची. बाप डिचोलीत कारखान्यात कामाला. मराठी बोलायची, आम्हाला आजी-आजोबा म्हणायची. बायकोला तिचा लळा लागला. ही मुलगी आधी एकदा नापास झालेली. बापानं सांगून ठेवलं होतं, यंदा राहिलीस तर शिक्षण बंद, माझ्याच कारखान्यात पॅकिंगला ये. हे तिनं बायकोला सांगितलं आणि बायकोनं ते मनात धरून ठेवलं.

त्यांच्यात एक पद्धत होती. पेशंटला दुखण्याचा आकडा विचारायचा, शून्य ते दहा. पहिल्या दिवशी मुलीनं पाय वाकवला आणि विचारलं, आजी, किती? बायकोनं हसत सांगितलं, दहा. तिला वाटलं, मुलीला किती मार्क द्यायचे ते विचारतायत. मुलीचा हात हलका, बोलणं गोड, मग कमी कशाला द्या. सरांनी ते ऐकलं आणि सगळ्यांसमोर मुलीला झापलं, पेशंटला दहा दुखतंय आणि तू दात काढतेस म्हणून. मुलगी रडकुंडीला आली. ती सगळी गेल्यावर मी बायकोला समजावलं, अगं, शून्य म्हणजे चांगलं, दहा म्हणजे वाईट. मीच समजावलं.

त्या दिवसापासून तिचा आकडा शून्य. खांदा ओढला तरी शून्य, घोटा वळवला तरी शून्य. मी एकदा म्हटलं, खरं ते सांग, ती तुझं दुखणं विचारते. तर मलाच म्हणाली, तुम्ही गप्प बसा, तुम्हाला शाळेतलं काय कळतं. स्वतः तर शाळेच्या पायरीवर चढली नव्हती.

मग परीक्षा आली. प्रत्येकानं एक पेशंट घेऊन परीक्षेच्या साहेबांसमोर काम करून दाखवायचं. त्या पेशंटला ते केस म्हणतात. मुलीनं आजी मागितली. सर आमच्या दारात उभे राहून म्हणाले, केस घे, पण परीक्षेपर्यंत केसची नवी तक्रार आली तर केस बदलावी लागेल. नवी केस, नवी फाईल, परीक्षा सहा महिन्यांनी. ते बोलले मुलीशी. ऐकलं माझ्या बायकोनं.

सूज आली ती शुक्रवारच्या आदल्या दिवशी. शुक्रवारी मुलगी आली, पाय मागेपुढे केला, आकडा विचारला. बायकोनं शून्य सांगितलं. मी आतल्या दारात उभा होतो. बायको बसली होती त्या कदेलीच्या दांड्यावर तिचा डावा हात होता आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती. मुलगी फाईलमध्ये बघत होती. सर बाहेर गाडीपाशी घड्याळ बघत होते. मी तोंड उघडलं. बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी मिटलं.

सरांचा राग येतो. शिकवायला आलेला माणूस लुगडं घोट्याच्या वर करून बघत नाही, मग कसलं शिकवणं. मुलीचा येतो, आकडा लिहिला की तिचं काम झालं. पण ती विशीतली, तिला जे दाखवलं ते तिनं केलं. बायकोचाही येतो, मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, पण येतो. माझी तर गोष्टच सोडा. ट्रकचा एखादा टायर जरा फुगलेला दिसला तर मी गाडी जागेवरून हलवत नव्हतो.

इस्पितळात डॉक्टरनं सांगितलं, पायातल्या रक्ताची गुठळी वर जाऊन छातीत अडकली. विचारलं, पाय कधीपासून सुजला होता? मी म्हटलं, चार दिवस. त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

फोंड्याला दिलेली माझी मुलगी आणि जावई आले, आणि रात्रीच बायकोला नेली. केंद्राला कळवायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला गाडी आली, बायकोला परीक्षेला न्यायला. मुलगी पांढरा एप्रन घालून उतरली, मागे सर. सोप्यावर माणसं बसलेली बघून ती तिथंच थांबली. शेजारणीनं खालच्या आवाजात सांगितलं, काल संध्याकाळी गेली. मुलगी पायरीवर बसली. सर म्हणाले, फार वाईट झालं, आणि मुलीला म्हणाले, चल, परीक्षेला उशीर होतोय, तिथे दुसरी केस बघू. सहा महिन्यांची गोष्ट आता निघाली नाही.

मी म्हटलं, थांबा.

मी बाहेर येऊन बसलो. सरांना सांगितलं की चार दिवस पाय सुजला होता, आणि तिनं शून्य का सांगितलं तेही सांगितलं. मला माहीत होतं हेही सांगितलं. माझी मुलगी आतल्या दारात होती, तिनं पहिल्यांदाच ऐकलं. सर म्हणाले, पेशंटनं सांगितलंच नाही तर आम्हाला कसं कळणार?

"म्हणजे तुम्हालाही शिकवलं नाही कोणी," मी म्हटलं.

खाणीवर माझा डावा गुडघा एकदा ट्रकच्या फाळक्याखाली सापडला होता. तेव्हापासून तो पाय खाली जाड आहे आणि दाबला की कळ येते. मी पंचा वर घेतला, तो पाय लांब केला आणि मुलीला म्हटलं, हात लाव. शेजारीण म्हणाली, अगं बाय, सुतक आहे, त्यांना शिवू नको, परीक्षेला जायचंय तुला. मुलीनं तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग तळहात एकमेकांवर चोळले आणि पोटरीला हात लावला.

"दाब," मी म्हटलं.

तिनं दाबलं.

"काही दुखत नाही," मी म्हटलं.

ती हात काढून घेईल असं वाटलं. तिनं काढला नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिचं नाक वाहत होतं, ते तिनं खांद्याला पुसलं.

"आजोबा, दुसरा पाय दाखवा. दोन्ही शेजारी ठेवून बघते," ती म्हणाली.

मी दुसरा पाय पुढे केला.