दूध सुटेपर्यंत

वकिलाच्या ओसरीवर कागद साठतात, त्याच्या दुप्पट किस्से साठतात. कागदांना निदान वाळवी तरी लागते! सोलापुरात भवानी पेठेत मी वकीलसाहेबांचा कारकून होतो. आमच्याकडे सोडचिठ्ठ्या लिहून घ्यायला माणसं यायची. गावाकडे पंचांसमोर काडी मोडली की नवरा-बायको मोकळी. शहरात राहायला आलं की स्टँप लागतो. आणि एक सांगतो, काडी मोडते, स्टँपावर अंगठे उठतात, पण जळफळाट काही सुटत नाही.

*

माढ्याकडचं एक जोडपं आलं. मी लिहिलं, 'नवऱ्याने बायकोस सोडले.' बाई उसळली, "त्यो काय सोडतोय? म्या सोडलंय त्येला!"

साहेबांनी तोडगा काढला, 'उभयतांनी एकमेकांस सोडले.' दोघं खूश! अंगठा उठवताना नवरा थबकला.

"पर पयला म्या सोडलं, आसं लिवा की!"

*

दुसऱ्या एका जोडप्याचा पोरगा आईकडे राहिला. बापाने बाजाराच्या दिवशी भेटायचं ठरलं. तो येताना पावशेर जिलबी आणायचा. ते बघून आईने घरी अर्धा शेर आणली. पुढच्या बाजाराला बापाने शेरभर! पोराचं पोट बिघडलं आणि दोघं भांडत ऑफिसात हजर. साहेबांनी माझ्याकडून नवीन कलम लिहून घेतलं, 'उभयतांनी मुलास गोड चारू नये.'

बापाने विचारलं, "आन् भजी?"

*

मी हसत होतो, तोवर माझीच पाळी आली. माझी बायको गंगू जवळच्याच कुंभारी गावची. आमचं पटलं नाही. चूक बरीचशी माझ्या जिभेची. पोरगी तेव्हा आठ महिन्यांची. कायद्याने पोर बापाचं, पण तान्ही पोर आईपासून कशी तोडणार? माझी चिठ्ठी मीच ऐटीत लिहिली, 'मुलगी दूध सुटेपर्यंत आईकडे, नंतर बापाकडे.'

साहेब म्हणाले, "बाबूराव, वय लिहा. आकडा घाला."

"साहेब, दूध काय, दीड-दोन वर्षांत सुटतंच की!"

दोन वर्षांनी तिच्या माहेरी गेलो. मी दारात दिसताच गंगूने पोरीला पदराखाली घेतलं. "पितीया आजून." तिसऱ्या वर्षी तेच. चौथ्या वर्षीही तेच! साहेब पोट धरून हसले.

*

मधल्या काळात गंगूने कुंभारीतल्याच, मिलमधल्या एका मुकादमाशी पाट लावला, दुसरा संसार मांडला. मी जळून कोळसा झालो. माणूस दारूबाज, मारकुटा असता तर बरं झालं असतं. हा गृहस्थ मला बसायला घोंगडी टाकायचा, वर चहा द्यायचा! एकदा पोरगी त्याच्या खांद्यावर बसून त्याचा फेटा सोडत होती. मी हात पुढे केले, तर तिने फेट्यालाच मिठी मारली. माझ्या खांद्याला काय काटे होते? दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

*

पोरगी पाच वर्षांची झाली. मी दोन पंच घेतले, चिठ्ठी खिशात घातली आणि कुंभारी गाठली. गंगूचं ठरलेलं उत्तर, "पितीया आजून."

पंचांनी पोरीलाच विचारलं, "बाळे, खरं सांग. आईचं दूध पितीस का गं?"

"व्हय."

"कवा?"

"ह्ये आल्यावर!" तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

पंच खो खो हसले. "बाबूराव, सुटलं की हो दूध! न्या पोरगी."

मुकादम आत गेला, पोरीच्या परकरांचं गाठोडं बांधून आणलं आणि माझ्यापुढे ठेवलं. पोरगी त्याच्या पायाला घट्ट चिकटली. याच गाठोड्याची मी इतकी वर्षं वाट पाहत होतो!

मी खिशातून चिठ्ठी काढली, पंचांना मोठ्याने वाचून दाखवली आणि म्हणालो, "पोरगी 'व्हय' म्हणाली. कवा पितीया, ते हितं लिवल्यालं न्हाय."