कडब्यातला नवरदेव

ट्रॅक्टर सुरू झाला तेव्हा अण्णांच्या गालांवरची लाली अजून पुरती निघाली नव्हती. आदल्या संध्याकाळी ते नाटकात नवरदेव झाले होते. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोंबड्या, त्यावर आम्ही, आणि ऊसतोडीला निघालेले लाल गालांचे माझे वडील. आई म्हणाली, "त्वांड धुवा की, मुकादम हसंल." अण्णा म्हणाले, "हसू दी. परत येऊन हेच त्वांड रंगवायचं हाय."

आष्टीकडच्या आमच्या गावाचं एक विनोदी संगीत नाटक होतं, 'पळपुटा नवरदेव'. कुणी लिहिलं, देव जाणे. मांडवातून पळालेला नवरदेव बैलगाडीतल्या कडब्यात लपतो, गाडी निघते, आणि तिथंच पेटी थांबायची. उरलेलं अर्धं अक्षय्य तृतीयेला, सगळ्या टोळ्या तोडीवरून परतल्यावर. एक जरी घर यायचं राहिलं तरी पडदा उघडायचा नाही. अर्धं नाटक मागे ठेवलं की माणूस परततोच, अशी आमच्या खुळ्या लोकांची समजूत.

आम्ही परतलो नाही. त्या साली कारखान्यावरच कुणी म्हणालं, चाकणला काम आहे. अण्णा वॉचमन झाले, आई कंपनीच्या कँटीनमध्ये लागली. "पुढल्या साली जाऊ," असं अण्णा मरेपर्यंत म्हणत राहिले.

मागच्या महिन्यात कणिक मळताना मोबाईलवर अचानक तेच नाटक लागलं. पुण्याच्या पोरापोरींनी स्टुडिओत लोक बसवून गायलेलं, व्हायोलिनबियोलिन लावून. 'पळपुटा नवरदेव, संपूर्ण'. पहिल्याच ओळीला हात थांबले. किती वर्षांनी मी एकटीच खुदुखुदु हसले! पोरांचे गळे गोड आहेत, अण्णांचा फाटका होता. मग गाडीची घुंगरं वाजली, टाळ्या पडल्या आणि संपलं. संपूर्ण म्हणे!

मी गावी चुलत्यांना फोन लावला. "नाना, पुढचं कावून न्हाई दिलं पोरांना?"

"कुणाला येतंय, बाई? नवरदेव तुझा बाप. नवरी करणारा सोपान कर्नाटकात राहिला, तिकडंच वारला. पोरांनी लई विचारलं. आमी म्हणलं, एवढंच हाय." मग म्हणाले, "तुमी गेलताव त्या साली पेटी काढून बसलो व्हतो आमी. तुमी येताल म्हणून. मग दरसाल कुणी ना कुणी राहातच गेलं. पडदा काय उघडला न्हाई."

फोन ठेवला आणि रडले.

ते उरलेलं अर्धं मी लहानपणी अगदी पुढे बसून पाहिलंय. अण्णा कडब्यातून शिंकत बाहेर यायचे, एवढं आठवतं. आई तोंडाला पदर लावून हसायची, सगळं गाव पोट धरून हसायचं, तेही आठवतं. कशाला हसायचो, ते मात्र गेलं. आईला विचारावं, तर ती अण्णांच्याही आधी गेली.

गावात राहिलेल्यांनो, माझ्यासारख्या निघून गेलेल्यांनो, कुणाला पुढचं येत असेल तर कळवा. येत असेल असं वाटत नाही, तरी विचारते.

पूर्वी कुणी गाव विचारलं की मी म्हणायची, जायचंय एकदा. आता म्हणवत नाही. मी एकटी जाऊन काय होणार? सगळे आल्याशिवाय पडदा उघडत नाही, आणि सगळे आता आणायचे कुठून? माझं घर आता मोबाईलमध्ये आहे तेवढंच. गाडी निघते, लोक टाळ्या वाजवतात, आणि नवरदेव कडब्यातच राहतो. त्याला बाहेर ये म्हणणारं कुणी उरलेलं नाही.