हाराखालचं दरपत्रक
दसरा उलटला की वाळलेल्या झेंडूचा तो कडवट वास येतो आणि मला सांगलीतल्या एका दवाखान्यातली काचेची फ्रेम आठवते. आम्ही तिथे गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. वडील फौजेतून निवृत्त झालेले. कुठेही गेले की आधी नोटीस बोर्ड वाचायचे. इथे काउंटरमागे दरपत्रक टांगलेलं होतं, पण खंडेनवमीला मशिनांबरोबर त्यालाही हार घातलेला, आणि आकड्यांचा रकाना नेमका त्या हाराखाली. "बाई, तेवढा हार बाजूला करा की," वडील म्हणाले. काउंटरवरची बाई मान वर न करताच म्हणाली, "आवं, पूजेचा हाय त्यो. हात लावू नका." तीनदा विचारलं, तीनदा तेच. शेवटी वडील स्टुलावर चढले आणि त्यांनी स्वतःच हार उचलला. खाली प्रत्येक ओळीपुढे एकच छापलेलं होतं: 'चौकशी करा'. "तीच करतोय की मगापासनं!" ते ओरडले. सगळा हॉल बघायला लागला. मी त्यांचा हात धरला. "आबा, उतरा खाली. उद्या आई ह्यांच्याच हातात हाय." ते हार होता तसा सारखा करून उतरले. परवा माझ्याच ऑपरेशनासाठी साताऱ्यातल्या दवाखान्यात गेलो. भिंतीवर दरपत्रक कुठंच दिसेना. मी विचारलंही नाही. मला गप्प बसवायला आता कुणाला माझा हात धरावा लागत नाही.